पाखरांचा वास

आरतीने पिंजऱ्याची कडी धरली आणि सरुबाई आडवी आली.

"पिंजरा जागचा हालणार न्हाई."

"आत्या, दुपारपुरता हो! माझ्या माहेरची माणसं या घरात पहिल्यांदा जेवायला येत्यात. या खोलीत पाऊल टाकलं की नाकाला पदर लावत्याल."

"लावू दे. पाखरं म्हटल्यावर वास येणारच. ज्याला सोसत न्हाई त्यानं वट्यावर बसावं."

सासूने सुनेचा हात कडीवरून काढला आणि विषय संपवला. महाळुंगे पडवळची जत्रा होती. आरतीचा नवरा गोकुळ सकाळीच बैल घेऊन शर्यतीच्या घाटाकडे गेला होता. चुलीवर पुरण शिजत होतं. त्याचा घमघमाट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथून पुढे या दुसऱ्या वासाचं राज्य सुरू होई.

आरती बाळंतपणाहून परत आली तेव्हा घरात दोन्ही होतं, पाखरं आणि वास. जन्मभर मेंढरांमागे फिरलेल्या सरुबाईने मंचरच्या बाजारातून चार लव्हबर्ड आणले होते. म्हातारपणी हे हिरवं-पिवळं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, कुणाला कळलं नाही. पिंजरा टांगला तोही पुढच्या खोलीत, त्याच काळात अर्धांगाने पडलेल्या जानकूच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या खाटेशी. खाट मागच्या खोलीत न्यावी असं गोकुळ एकदाच म्हणाला. "घरचा धनी सांदीकोपऱ्यात निजत नसतो," एवढं सरुबाईने सुनावलं आणि खाट तिथेच राहिली. त्या खाटेचं अंथरूणही ती दुसऱ्या कुणाला शिवू देत नसे.

वासावर आरतीने सगळे उपाय केले. उदबत्त्या झाल्या, कापूर झाला. सुगंधी फवाऱ्याची बाटली आणली तर ती सासूने उकिरड्यावर भिरकावली. "पाखरांच्या छातीत बसंल ते!" म्हणाली. आता या बाईपुढे कुणी काय डोकं आपटावं!

सरुबाई नैवेद्य घेऊन देवळात गेली. आरतीने पदर खोचला. पिंजरा हलवायचा नाही ना, मग निदान घासून तरी काढू! घरात ज्याला आबा म्हणत तो जानकू डोळे मिटून पडला होता. उशाशी तांब्या सकाळपासून भरलेला होता तसाच होता. पाहुणे यायचे म्हटलं की आबांची तहान पळते, अशी घरात थट्टाच चाले.

तिने पिंजरा खाली घेतला आणि तळाचा पत्रा ओढला. खाली चाळलेली राख होती, तिच्यावर कडुनिंबाचा वाळला पाला आणि सकाळीच बदललेला कागद. विष्ठा खडखडीत कोरडी. ती वाकली. मग नाकच आत घातलं. पाखरांनी कलकलाट करून घर डोक्यावर घेतलं, पण वास म्हणाल तर राखेचा आणि कडुनिंबाचा, बस्स.

खोलीत मात्र तो होताच.

सासू कधीतरी मेंढरांच्या गोष्टी सांगताना म्हणाली होती, "कोरडी लेंडी कधी घाण मारत न्हाई गं. घाण मारती ती ओल."

आरतीने मान वळवून खाटेकडे पाहिलं. आबा झोपलेले नव्हते. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या.

ती माहेरी असताना गोकुळ फोनवर रडकुंडीला आला होता. कुणीतरी भेटायला आलेला माणूस नाक मुरडून गेला आणि त्या दिवसापासून आबांनी पाणी सोडलं. पिणंच नको नि अंथरूण भिजणं नको. शेवटी सलाईन लावावं लागलं. आणि पुढच्याच बाजाराला आईने हे पाखरांचं खूळ आणलं, तेव्हापासून आबा जरा पाण्याला लागले, असंही तो म्हणाला होता. तेव्हा आरती हसली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने डोळे पुसले, पत्रा आत सारला आणि पिंजरा पुन्हा टांगला. आधी होता त्यापेक्षा वीतभर खाटेच्या जवळ.

दुपारी माहेरची माणसं आली. पुढे चुलती, साळुबाई. ती गावात तोंडाळ म्हणून नावाजलेली होती. सरुबाईही तेवढ्यात देवळातून परतली. साळुबाई चटईवर टेकते न टेकते तोच तिचं नाक वर झालं.

"अगं बया! कसला वास म्हणायचा ह्यो?"

तिची नजर पिंजऱ्यावर गेली. तिथून खाटेकडे सरकली आणि तिथेच थांबली. सरुबाईने तोंड उघडलं, पण सून तिच्याआधी बोलली.

"पाखरांचा हाय, काकी. लई घाण करत्यात मेली. पण या घरात पाखरं ऱ्हाणार, आणि हितंच ऱ्हाणार. सोसत नसंल तर तुमचं ताट वट्यावर वाढते."

साळुबाईने नजर खाटेवरून काढून पिंजऱ्याकडे वळवली. सरुबाई सुनेकडे बघतच राहिली.

मग खाटेवरून जडावलेल्या जिभेने कुणीतरी म्हणालं,

"आरते, तांब्या दे गं. लई तहान लागलीया."