बरणीतला दाणा

“मॅडम, अडकलं वाटतं,” मंगळू म्हणाला.

पडद्यावर खरंच काही हलत नव्हतं. काचेच्या बरणीला आतून चिकटलेला भाताचा एक दाणा, त्याच्याभोवती ओली माती, बाजूने बल्बचा पिवळट उजेड. बस्स. नववीचा अख्खा वर्ग त्या एका कॉम्प्युटरपुढे दाटीवाटीने बसला होता. मागची पोरं बाकांवर उभी होती. खिडक्यांना लावलेली पोती पावसाळी वाऱ्याने फडफडत होती.

“थांब जरा,” मोहिनी मॅडम म्हणाल्या.

घोटीजवळच्या त्या शाळेत हा एकच कॉम्प्युटर. एरवी तो ऑफिसात कापडाखाली झाकलेला असायचा. मॅडम तो आठवडाभरासाठी मागायला गेल्या, तेव्हा मुख्याध्यापक उगले सर म्हणाले होते, “मॅडम, त्याच्यावर पगारबिलं करायची असतात. भात लावायला आपल्याकडे वावरं कमी आहेत का?” तरी त्यांनी तो दिला होता. छोटा कॅमेरा मॅडमच्या भावाचा, ललितचा. नाशिकला गंगापूर रोडवर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मशीन सुरू झालं की कॅमेरा पाच-पाच मिनिटांनी आपोआप फोटो काढेल, अशी सोय त्याने करून दिली होती. तेच सगळे फोटो आता सिनेमासारखे एकामागून एक पळत होते.

एवढ्यात दाणा तडकला.

टरफलाच्या फटीतून एक पांढरं टोक बाहेर आलं. ते जरा डावीकडे वळलं, जरा उजवीकडे वळलं, वाट सापडल्यासारखं थबकलं आणि सरळ मातीत घुसलं.

“आयला!” कोणीतरी ओरडलं. मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग वरून कोंब निघाला. तो नुसता वाढत नव्हता, डुलत होता. एकदा इकडे झुकायचा, एकदा तिकडे, मान वळवून वळवून काही शोधत असल्यासारखा. वर्गात एकच गलका उठला.

“नाचतंय! मॅडम, भात नाचतंय!”

“आमच्या घरचं बी हाय ते! मी आणलंय!” चांगुणा बाकावर उड्या मारत होती. सकाळी वावरात भाताची आवणी करून आलेल्या तिच्या पायांना अजून चिखल होता.

दार धाडकन उघडलं. उगले सर.

“काय बाजार मांडलाय हा?”

सगळे चिडीचूप झाले. कोंब मात्र डुलतच राहिला. सर बोलायला गेले, पण त्यांची नजर पडद्यावर गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. दाराची कडी हातात धरून ते बघत राहिले.

तेवढ्यात पडद्यावरच्या कोंबाने टुणकन उडी मारली. आत्ता नखाएवढा होता, तो एकदम बोटभर झाला.

“हे काय झालं?” सरांनी विचारलं.

मॅडमचा चेहरा उतरला. याचीच त्यांना धास्ती होती. “लोडशेडिंग सर. लाइट गेली की मशीन बंद पडायचं. गावात लाइट आली की जो जवळ असेल तो पोरगा पळत यायचा, शिपाई यादवमामा कुलूप काढून द्यायचे. वावरातून चिखलाच्या पायांनी पळत आलीत पोरं. पण रात्रीची लाइट गेली, तेव्हाचं सगळं राहून गेलं.”

“म्हणजे प्रयोग अर्धवटच की.”

चांगुणा बाकावरच ताठ उभी राहिली.

“नाय सर.”

“काय नाय?”

“लाइट आपली गेली व्हती,” ती म्हणाली. “त्याचं काम चालूच व्हतं.”

उगले सर खळखळून हसले. गडगडाटी, पोट धरून. सर असे हसू शकतात हे त्या वर्गाने आजवर पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आधी पोरं घाबरली आणि मग तीही हसायला लागली. मोहिनी मॅडमना हसता हसता डोळे पुसावे लागले.

“पुन्हा लावा बघू,” सर पहिल्या बाकावर पोरांना सरकवून बसत म्हणाले. “पहिल्यापासून.”

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा लावलं. दाणा तडकायच्या आधी वर्ग श्वास रोखून धरायचा आणि तडकला की टाळ्या पिटायचा. तिसऱ्या वेळी सर्वांत आधी टाळी सरांनी वाजवली.

चौथ्या वेळी कोंब नुकता डोकं वर काढत होता, आणि लाइट गेली.

पडदा काळा झाला. पंखा कुरकुरत थांबला. एरवी लाइट गेली की “हो” करून ओरडणारी पोरं आज जागची हलली नाहीत. मंगळूने उठून खिडकीचं पोतं बाजूला सारलं. ढगाळ दुपारचा उजेड टेबलावरच्या बरणीवर पडला. आत हिरवंगार रोप उभं होतं, अगदी स्तब्ध.

एकेक करत सगळे टेबलाभोवती जमले. मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली, तरी कोणी बाहेर गेलं नाही. उगले सर चष्मा कपाळावर चढवून बरणीवर वाकले.

“सर,” चांगुणा कुजबुजली, “जरा सरका ना. त्याच्यावर सावली पडतीय तुमची.”

सर मुकाट्याने बाजूला सरकले.