तिसऱ्या दिवसाची कॉफी

"दार उघडंच आहे. जायचं तर जा," तिजानी म्हणाला आणि उंबऱ्यातच मांडी ठोकून आल्याची कॉफी करायला बसला.

अदलान पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. आज तिसरा दिवस. हाडं ठणकत होती, नाक गळत होतं, आणि खालच्या गल्लीत चाळीस पावलांवर नशेची गोळी मिळत होती. कैरोतल्या अवदिया खालाच्या या आसराघराचा नियम साधा होता. बिनगोळीचे तीन दिवस काढले, की खाट वर्षभर तुमची. मध्येच जिना उतरलात, तर ती पुढच्याची. सुदानहून आलेली चौदा पोरं अशा खाटेसाठी रांगेत होती.

"तुझं काय जातं बोलायला!" अदलान करवादला. "घरचा माणूस तू. आयतं बसून खातोस."

तो घरचाच, याबद्दल अदलानला शंकाच नव्हती. सुदानी माणसांत पाहुणा कॉफी ओतत नाही. ओततो तो यजमान. आणि इथे पहिल्या दिवसापासून तिजानीच ओतत होता.

तिजानीने साखरेसाठी तीन डबे उघडले, चौथ्यात सापडली. "खाला रोज डब्यांची जागा बदलते," तो पुटपुटला आणि त्याने लांबलचक जांभई दिली. अदलानच्या अंगाचा तिळपापड झाला. इथे जीव जातोय आणि याला झोप येतेय!

"पहिली गोळी ट्रकवरच दिली ना तुला?" तिजानीने विचारलं. "वाळवंटात, तहान विसरायला?"

अदलान चमकला. "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना तिथेच देतात, लेका. बस. एक कप पी, मग खुशाल जा."

एकाचे तीन कप झाले. सुदानमधल्या अल-जनीनाच्या रस्त्यावर भाऊ कसा मागे राहिला, हे अदलानने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तिजानीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. दोन्ही हातांनी पोट आवळून, घामाने डबडबून, तो ऐकत राहिला. असा ऐकणारा लाखात एखादाच असतो.

ऊन उतरल्यावर घर चालवणारी अवदिया खाला जिना चढून आली. तिजानी तोंड धुवायला आत गेला होता.

"भरले रे बाबा तीन दिवस! खाट तुझी."

अदलानला रडूच फुटलं. "मी कधीच गेलो असतो, खाला. त्याने धरून ठेवलं. कुठून शोधलात असा माणूस कामाला?"

"कामाला?" खाला बुचकळ्यात पडली. "अरे, तू आलास त्याच दिवशी सकाळी आला तो, तुझ्यासारखाच गोळी सोडायला. तासाभरात पळतही सुटला होता. जिन्यात तू त्याला विचारलंस, 'भाऊ, वर कुठे जायचं?' म्हणून तुला घेऊन परत आला."