पट्टीवरची पकड

नवरा मरून तीन वर्षं झाली. त्यानं पिरगाळून मोडलेल्या माझ्या हातातली स्टीलची पट्टी डॉक्टरांनी काल हिंगोलीत हात बधिर करून काढली आणि ट्रेमध्ये दाखवली.

"धातूवर आधी रक्तातला रस बसतो, मग मांस धरतं," ते म्हणाले. "पण इतक्या गुळगुळीत पट्टीवर असं धरत नाही."

पट्टीला मांसाची चार बोटं आवळून बसली होती. करंगळी अर्धीच.

लेक दिपा वाकली. "माय, ही तर बापूची करंगळी! कडब्याच्या मशीननं अशीच तोडली व्हती. तू तर म्हणायचीस, गोठ्यात पडून हात मोडला?"

मी ट्रेकडे वळले. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी जन्मात पहिल्यांदा घेतलं.

"वसराम, सोड आता."

ट्रेमधली बोटं आणखी आवळली, आणि माझा बधिर हात कळवळला.