वाट देणार न्हाय

गगनबावड्याकडच्या दरीत सायकली घेऊन निघालेल्या सहाजणांना चहावाल्या चिमणाबाईनं एकच गोष्ट बजावली. “तिसऱ्या वळणावर मागनं घंटी वाजली, तर बाजूला व्हायचं, पाय टेकायचा, मान खाली घालायची. ती पुढं गेल्याबिगर वर बघायचं न्हाय.”

“कोण असतंय?” अनुजानं विचारलं.

“आमी कुठं बघतोय?”

बाकीचे पाचजण गुमान ‘व्हय’ म्हणाले. अनुजाचं मात्र डोकंच सरकलं. शिवाजी पेठेच्या बोळात सायकल शिकताना तिनं येईल त्या बुलेटला वाट दिली होती. आता मोकळ्या डोंगरात, भर दुपारी, न दिसणाऱ्यालाही द्यायची?

चढावर ती सगळ्यांत मागं राहिली. तिसरं वळण आलं आणि मागं घंटी वाजली.

तिनं वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. तिनं सायकल मुद्दाम मधोमध घेतली.

“न्हाय देत वाट! काय करायचं ते कर!”

घंटी खांद्याशी वाजली, मग अगदी कानात. अनुजा पॅडलवर उभी राहिली. एकाएकी सगळं गप झालं.

“पळाली!” ती हसली.

वळणापलीकडं तिचे पाचही सोबती कडेला पाय टेकून, माना खाली घालून उभे होते.

“अरं राजवर्धन, बघ की वर! मी हाय, अनुजा!”

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. ऐकू आली ती घंटी.

राजवर्धननं डोळे गच्च मिटले.

अनुजानं ब्रेक दाबले. सायकल थांबली नाही.

“मी हाय की रं!” ती जीव खाऊन ओरडली.

घंटी वाजली, आणि पाचही माना आणखी खाली गेल्या.