तेहतीस सारखी जर्नलं

"हा प्रोग्रॅम तुझा नाही," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले आणि माझं प्रॅक्टिकलचं जर्नल त्यांनी टेबलावर आपटलं. "एआयकडून उतरवलास."

"त्याच्याकडून शिकले, सर. उत्तर सांगायचं नाही, फक्त मला प्रश्न विचारायचे, असं त्याला बजावलं होतं. दोन महिने भांडत होतो आम्ही. यातली कुठलीही ओळ विचारा."

त्यांनी एकही विचारली नाही. बाकीच्या तेहतीस जर्नलांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "या सगळ्यांत एकच प्रोग्रॅम आहे. तुझाच तेवढा वेगळा. मग कॉपी कुणी केली?"

त्या तेहतीस जणांनी तो गेल्या वर्षीच्या एका मुलाच्या जर्नलातून उतरवला होता. त्याने त्याच्या आधीच्या वर्षीच्या एका मुलीच्या. आमच्या मॅडमना हे माहीत होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"यातला उतरवून आण, तरच सही," सर म्हणाले. "नाहीतर वर्ष गेलं समज."

मी सर्वांत वरचं जर्नल उचललं, समोरच्या मशीनवर बसले आणि त्यातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला. चालवला. पडदाभर लाल चुका.

मागून कुणीतरी कुजबुजलं, "ए बाई, गप बस ना! सगळ्यांना बुडवशील."

सर पडद्याजवळ वाकले. बराच वेळ वाचत राहिले.

"प्रोग्रॅम बरोबर आहे. मशीन बिघडलंय."

"लॅबमध्ये आणखी एकोणीस आहेत, सर." माझा आवाज चढला होता. चढू दिला. "कुठल्यापासून सुरू करू?"