पत्र्याखालची प्रार्थना

“सायेब, अख्खं गाव आलंय बगा तुमच्या देवाला!” ग्यानोबाचा तो आवाज आठवला की पाद्री एरिक अजून सुखावायचा. भूकंपाच्या वर्षी तो नॉर्वेहून बायकापोरांसह लातूरकडच्या या गावात आला. सांजेला त्याच्या पत्र्याच्या घरात गाव दाटायचं. मोडक्या मराठीतली प्रार्थना जात्यावरच्या ओवीसारखी लांबायची, तरी कुणी उठायचं नाही. मग लोकांना नवी घरं मिळाली, आणि समोर एकटा ग्यानोबा उरला.

“आमचं काय चुकलं?” एरिकनं विचारलं.

ग्यानोबानं डोकं खाजवलं. “चुकलं न्हाई वो. तुमचं बोलनं कुनालाच कळत न्हवतं. दगडाच्या घरात बसायला भ्या वाटायचं, अन् तुमचं छप्पर तेवढं हलकं व्हतं.”

एरिक खो खो हसला आणि आता अंगवळणी पडलेल्या गावच्या बोलीत म्हणाला,



“ग्यानोबा, तुमी उठून गेलात की आमालाबी लई भ्या वाटायचं. म्हनून तर मी आमेन म्हनायला उशीर लावत व्हतो!”