सोनाबाईंचं लॉगिन

पनवेलच्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या सोनाबाईंना संगणक दिवसातून दहादा लॉगिनच्या पानावर परत पाठवायचा. ‘पासवर्ड विसरतात,’ असं ठरवून साहेबांनी येत्या सोमवारपासून त्यांची बदली कपड्यांच्या कोठीत केली. हे कळल्यावर सर्व्हर सांभाळणारा धनेश शनिवारी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. सोनाबाईंनी पासवर्ड अचूक भरला, रुग्णाची नोंद उघडली. मग औषधांच्या साइटवर लॉगिन केलं, तसं नोंदींच्या साइटने बाहेर काढलं. एकाच सर्व्हरवरच्या दोन्ही साइट लॉगिनची खूण ब्राउझरमध्ये एकाच नावाने जपत होत्या; दुसरी लिहिताना पहिली पुसली जायची. दोन्ही साइट एकत्र लागायच्या फक्त सोनाबाईंनाच, म्हणून इतरांना हा त्रास नव्हता. धनेशने एका खुणेचं नाव बदललं, साहेबांना फोन केला, बदली थांबली. “मावशी, चूक माझी होती. बोलला का नाहीत?” “बोलली ना. पन कोनी बाजूला बसून बगितला नाय,” म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.